लेकरांना घेऊन डोंगरात मुक्काम : मराठवाड्यात कुठं, कधी, कसा?

मुक्कामी (लातूर)

पवना, भंडारदरा, कास इकडच्या तंबूंवर लिहिलेलं ढिगानं सापडतं. आपल्याकडच्या डोंगरांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. जणू मराठवाड्यात नुसतं सपाट रान आणि टँकर! अजिंठ्याची रांग आहे, बालाघाट आहे, तिकडं किनवट-माहूरचे डोंगर आहेत. तिथं लेकराबाळांसकट एखादी रात्र काढलेली माणसं असणारच की.

आम्ही दोन घरं मिळून जायलोत. लेकरं चार वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची, सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. ट्रेकिंग नको, दोरीवरून लोंबकळणं नको. संध्याकाळी पोचायचं, चुलीवरचं खायचं, आभाळाखाली झोपायचं, सकाळी आरामात निघायचं. वेळ अमावस्येला (मार्गशीर्षातली अमावस्या, आपला शेतातला सण) गावी यायचंच आहे, त्याच्या मागंपुढं एक रात्र काढू म्हणतो. कुठं राहिलात, काय बरं होतं, काय बेकार होतं ते सांगा. फोटो नका टाकू, फोटोत सगळेच तंबू छान दिसतात. संडास कसा होता ते आधी लिहा.

डोंगरवाट (छत्रपती संभाजीनगर)

म्हैसमाळपासून सुरू करतो, कारण आमच्या शहरातून सगळे आधी तिकडंच पळतात. चाळीसेक किलोमीटर अंतर, खुलताबादवरून वर चढलं की डोंगरमाथा. 'मराठवाड्याचं महाबळेश्वर' असं ऐकून लोक मे महिन्यात लेकरं घेऊन जातात आणि चिडून परत येतात. साधा हिशेब बघा. म्हैसमाळची उंची १०६७ मीटरच्या आसपास आणि संभाजीनगर मुळातच ५७० मीटरवर. म्हणजे आपण चढतो पाचशे मीटर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, तेव्हा पाचशे मीटरला पडला तर तीन-साडेतीन अंशांचा फरक. खाली ४१ असेल तर वर ३८. दुपारी तंबूत कोण बसणार?

पावसाळ्यात धुकं फार देखणं असतं, पण ते दिवसा जाऊन यायला. माथा उघडा आहे, वाऱ्याला आडोसा नाही. जुलै-ऑगस्टात तंबूचं कापड रात्रभर असं फडफडतं की लहान लेकरू झोपूच शकत नाही. रविवारी गाड्यांची रांग लागते ती वेगळीच.

नोव्हेंबर ते जानेवारी हा खरा काळ. आम्ही राहिलो ती जागा ऐन माथ्यावर नव्हती, थोडी खाली, एका शेतकऱ्याच्या रानात होती. वारा अडलेला आणि दरी समोर. सकाळी वेरूळ बघितलं, सोळा नंबरचं कैलास लेणं एवढंच. लेकरांना त्याहून जास्त लेणी दाखवू नयेत, दुसऱ्या लेण्यात गेलं की रडारड सुरू होते. दुपारनंतर वर चढलो. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, एवढं बघून वार ठरवा.

संडास : पक्का, पाणी बादलीनं. गरम पाणी सकाळी बंबातून, एकेकाचा नंबर लावून.

माहेर_अंबाजोगाई (पुणे)

मुक्कामीदादा, संडासाचं विचारलंत, बरं वाटलं. पुरुषमाणसं डोंगराच्या गोष्टी लिहितात तेव्हा हा विषय गाळून टाकतात.

एका ठिकाणी (नाव घेत नाही) पंचवीस-तीस माणसांना मिळून एक संडास होता, तोही तंबूंपासून लांब, मध्ये दिवा नाही. दाराला आतून कडी नव्हती, दोरी होती. म्हणजे एक बाई आत आणि एक बाहेर राखण करायला. रात्री दोनला माझ्या लेकीला जायचं होतं तेव्हा अख्खं बिऱ्हाड उठलं. जाहिरातीत मात्र 'कौटुंबिक वातावरण'!

म्हणून आता मी बुकिंगच्या माणसाशी बोलत नाही, घरातल्या बाईला फोन द्या म्हणते. शेतावरची जागा असेल तर मालकीण असतेच. ती सगळं खरं सांगते : संडास किती, कडी कशी आहे, रात्री दिवा जळतो का, पाणी बोअरचं की टाकीत आणून टाकलेलं, पुरुषांची टोळकी कुठल्या वारी येतात. दर विचारताना लेकरांचे अर्धे धरतात का, हेही तिलाच विचारा.

आम्हाला आवडलेली जागा अंबाजोगाईच्या पलीकडं, बालाघाटाच्या कडेला आहे. शेत, चार आंब्याची झाडं, पुढं उतार. तंबू दोनच आणि एक पत्र्याची खोली. तंबू लेकरांना द्यावा आणि खोलीतली बाज म्हाताऱ्या माणसांना, हे माझं ठाम मत आहे. तुमच्या सासूबाईंना खाली जमिनीवरून उठायला लावू नका. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तंबूच्या त्या बुटक्या दारातून रांगत आत-बाहेर करणं म्हणजे शिक्षा आहे.

दिवसा गावात हत्तीखान्याची लेणी बघितली. तिथले दगडी हत्ती लेकरांना फार आवडतात. मुकुंदराजांच्या समाधीकडची दरीही त्यांनी बघितली, पण तिथं लेकरांचा हात सोडू नका.

आणि एक. जेवण 'तुम्ही करा, आम्ही चूल देतो' अशा ठिकाणी जाऊ नका. घरच्या बायकांनी डोंगरात जाऊनही भाकऱ्याच थापायच्या असतील तर मग सुट्टी कुणाची? आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरून नेली होती, ती सकाळला. रात्रीचं पिठलं-भाकरी मालकिणीच्या हातचं.

कन्नडकर

गौताळ्याचं मी लिहितो. हे अभयारण्य १९८६ पासून आहे, सुमारे २६० चौरस किलोमीटर, थोडं आमच्या संभाजीनगर जिल्ह्यात आणि थोडं जळगावात. लोक फोन करून विचारतात, 'आत तंबू टाकला तर चालतो का?' नाही चालत. अभयारण्यात मनाला येईल तिथं राहता येत नाही आणि जाळ तर करताच येत नाही. वनखात्याची परवानगी, फाटकावर नोंद, ठरलेल्या वेळेत बाहेर. मुक्कामाच्या खासगी जागा हद्दीच्या बाहेर, शेतांमधून आहेत. जो कुणी 'आत जंगलात नेतो' म्हणतो त्याच्यापासून लांब राहा.

लेकरांना सीतान्हाणी, धवलतीर्थ इथपर्यंत नेणं जमतं, धबधबे पावसाळा संपला की बारीक होत जातात. पितळखोऱ्याची लेणी फार जुनी, इसवी सनाच्या आधीची, पण खाली उतरायला भरपूर पायऱ्या आहेत आणि तेवढ्याच परत चढायच्या. आजींना वरच बसवा. तिथल्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. अगरबत्ती, सिगारेट, फटाके काही नको. अत्तरही फवारून जाऊ नका. माश्या उठल्या तर पळायला जागा नसते.

बिबट्या आहे. घाबरवायला सांगत नाही, पण उरलेलं मटण, हाडं तंबूच्या मागं टाकू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. रात्री लेकराला एकटं लघवीला पाठवायचं नाही. काही दिसलं तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे.

रानवारा

वाघ पण आहे म्हणतात ना गौताळ्यात?

कन्नडकर

मार्च २०२१ मध्ये कॅमेऱ्यात दिसला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून चालत आला होता पठ्ठ्या. पुढं डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंगच्या जंगलातही टिपेश्वरचाच एक दिसला. त्याला कुठलं बुकिंग लागत नाही.

बालाघाट (बीड)

इथं जागांची नावं बरीच येतील, मी जमिनीबद्दल बोलतो, कारण तंबू शेवटी जमिनीवर उभा राहतो.

आपले डोंगर काळ्या पाषाणाचे. माथ्यावर मातीचा थर वीतभर, कधी तेवढाही नाही. बाहेरून आणलेल्या तंबूच्या खुंट्या खडकात जात नाहीत, वाकतात. इकडचे जाणते तंबूवाले खुंट्यांच्या भानगडीत पडत नाहीत, मोठे धोंडे ठेवून त्यांना दोऱ्या बांधतात. त्या दोऱ्यांना पांढरं फडकं बांधून घ्या, नाहीतर अंधारात पळणारी लेकरं तोंडावर आपटतात.

तंबू मुरमाच्या जागी घ्या, काळ्या रानात नको. काळ्या जमिनीला हिवाळ्यात भेगा पडतात, त्यात विंचू असतो. अवकाळीची एक सर आली की त्याच रानात चाक असं रुततं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. गाडी रस्त्यालाच राहू द्या.

थंडीचं गणित लोक उलटं लावतात. वर गार आणि खाली ऊब असेल असं वाटतं. स्वच्छ, बिनवाऱ्याच्या रात्री जड गार हवा घसरून दरीच्या तळाशी साचते. ओढ्याकाठी टाकलेला तंबू पहाटे सगळ्यात गारठतो. उतारावरची मधली जागा बरी. आणि सकाळी तंबूच्या आतून थेंब टपकायले म्हणून 'गळका तंबू दिला' असं भांडू नका. ती आपल्याच श्वासाची वाफ असते. दोन्हीकडच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवायच्या, मग कमी होतं. पांघरुणाइतकंच महत्त्व खालच्या अंथरुणाला. थंडी वरून लागते त्याहून जास्त खालून चढते. पातळ गादीखाली घरची सतरंजी टाका, गोधडी टाका.

पावसाचं म्हणाल तर मी सौताड्याच्या जवळचा. पाटोद्याहून जामखेडकडं जाताना सौताड्याला विंचरणा नदीची धार दरीत पडते, खाली रामेश्वराचं मंदिर. भर पावसात तिथं गर्दी उसळते. बघायला जरूर या, मुक्काम करू नका. त्याहून मोठा धोका विजेचा आहे. मराठवाड्यात एप्रिल-मे-जून आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबरात विजा पडून दरवर्षी माणसं जातात, गुरं जातात, बहुतेक उघड्या रानात नाहीतर झाडाखाली. तंबू म्हणजे कापड आणि काड्या, तो विजेपासून वाचवत नाही. गडगडाट ऐकू आला की लेकरं उचलायची आणि पक्क्या घरात नाहीतर काचा वर करून गाडीत बसायचं. एकट्या झाडाखाली तर अजिबात नाही. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर असू द्या. आजूबाजूला वीज कुठं पडायलीय ते त्यात कळतं. ज्या जागेवर पक्की इमारतच नाही, त्या जागेचं या महिन्यांत बुकिंगच करू नये.

रानवारा

सगळे भीतीच घालायलेत. गाण्याचं काय? आम्ही मोठा स्पीकर नेतो, लेकरं मस्त नाचतात. डोंगरात जाऊन काय भजन म्हणायचं?

डोंगरवाट

भाऊ, तुमची लेकरं नाचतात, शेजारच्या तंबूतलं आठ महिन्यांचं लेकरू रडतं. आम्ही एकदा असंच दुसऱ्यांचं गाणं रात्री एकपर्यंत ऐकत पडलो होतो. जागेच्या मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, 'गिऱ्हाईक आहे, काय बोलू?' बुकिंग करताना 'रात्री दहानंतर आवाज बंद का?' एवढं विचाराच. उत्तर द्यायला तो अडखळला की समजून जायचं.

माहेर_अंबाजोगाई (पुणे)

शनिवार टाळा. रविवार ते गुरुवार या जागा रिकाम्या असतात, मालक लक्ष देतात, लेकरांना बैलगाडीत फिरवतात. शनिवारी तेच मालक ओळख दाखवत नाहीत.

दवाखाना_ड्युटी (धाराशिव जिल्हा)

ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे, म्हणून सापावर लिहिते. आपल्याकडं नाग, घोणस, फुरसं, मण्यार हे चारही विषारी साप आहेत. मुक्कामी माणसाच्या दृष्टीनं मण्यार जास्त फसवी. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही. सूज नाही, दुखणं नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं.

तंबूची चेन पूर्ण लावून झोपणं हाच यावरचा मोठा उपाय, आणि तो फुकट आहे. लेकरं आतबाहेर करतात आणि चेन अर्धी उघडी राहते, त्यावर एका मोठ्या माणसानं लक्ष ठेवायचं. उघड्यावर अंथरूण टाकून 'चांदण्यात झोपू' म्हणत असाल तर बाजेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. बूट घालण्याआधी उलटे करून झटका. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही.

चावलंच तर १०८ ला फोन, हातपाय हलवू द्यायचे नाहीत, कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही, मांत्रिक तर नाहीच. चारही सापांवर चालणारी लस सरकारी दवाखान्यात असते. मुक्कामाच्या जागेपासून मोठा सरकारी दवाखाना किती लांब आहे, हे निघायच्या आधी बघून ठेवा. लेकरं असतील तर अर्ध्या-पाऊण तासात पोचता येईल अशीच जागा निवडा, असं मी म्हणेन.

किनवटी

आमच्याकडचं कुणी लिहीना म्हणून मीच लिहितो. मराठवाड्यात खरं जंगल बघायचं तर किनवट-माहूरला या. सागाची झाडी, पैनगंगा, आणि नांदेडहून माहूर साधारण सव्वाशे किलोमीटर. पण तंबूचा धंदा इकडं फारसा पोचलेला नाही. कुटुंबं रेणुकामातेच्या दर्शनाला येतात, भक्तनिवासात राहतात आणि दिवसा रामगड किल्ला, पांडवलेणी, दत्तशिखर करतात. लहान लेकरं असतील तर मला तरी हेच पटतं. पक्की खोली, सकाळी गच्चीवरून डोंगर. यात्रेचे दिवस आणि नवरात्र सोडून या.

उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत, हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसांना बरं वाटतं. सहस्रकुंडचा धबधबा पावसाळ्यात बघावा, पण कठड्याच्या अलीकडूनच. खडकावर उतरणारी माणसं दरवर्षी बघतो आणि दरवर्षी शिव्या घालतो.

जुनं_खोड (कळंब)

मंडळी, तंबूत राहायला आपण आज शिकायलोत असं नाही. येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत येडाईची (येडेश्वरी देवीची) पालखी डोंगरावरून उतरून आमराईत येते. वाटेत लोक चुन्याचे खडे वेचतात. आमच्या लहानपणी अख्खी घरं बैलगाड्या जुंपून यायची, गाडीला पाल बांधायचं, तीन दगडांची चूल मांडायची आणि पालखी असेपर्यंत आमराईत मुक्काम. भर उन्हाळ्यात सगळी यात्रा सावलीच्या जोरावर चालायची. झाड कुठलं, पाणी किती लांब आणि बायकांना आडोसा कुठं, हे म्हातारी माणसं गाडी सोडायच्या आधी बघायची.

लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला शेतात कडब्याची कोप करतात, आंबील, भज्जी, उंडे घेऊन सगळं गाव रानात. मुक्कामी, तुम्ही त्याच दिवसांत जायलात, तर रात्र अंधारी मिळणार. गावाच्या दिव्यापासून थोडं लांब बसलं की लेकरांना आभाळ दाखवा. तिकांडं (मृगातले तीन तारे) पूर्वेला वर येतं, कृत्तिकांचा झुबका त्याच्या वर. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतून उल्का पडतात, तेव्हा अमावस्या जवळ असेल तर लेकरांना झोपवूच नका.

शेकोटीसाठी ओली झाडं तोडू नका म्हणून त्या मालकांना जरा कुणीतरी सांगा. तुरीच्या तुराट्या भरपूर निघतात त्या दिवसांत.

मुक्कामी (लातूर)

सगळ्यांचे आभार. वाचून घरात चर्चा झाली. गौताळा आणि म्हैसमाळ दोन्ही छान वाटले, पण लातूरहून एका रात्रीसाठी तेवढा प्रवास लेकरांना नको, असं सासूबाईंनीच सांगितलं. येडशीच्या अलीकडं एका शेतावर जागा बघायलोय. माहेरताईंनी सांगितल्याप्रमाणं मालकिणीशी बोललो. खोली एक, तंबू तीन, बोअरला पाणी आहे, शनिवारी टोळकी येतात हेही तिनं सरळ सांगितलं. म्हणून बुधवार धरला. धाराशिवचा मोठा दवाखाना अर्ध्या तासाच्या आत आहे.

सकाळी रामलिंगला जायचा विचार आहे. तिथं काही सांभाळायचं?

दवाखाना_ड्युटी (धाराशिव जिल्हा)

माकडं! मंदिर दरीत आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि माकडं पिशवीवरच झडप घालतात. लेकराच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊ नका, खाणं गाडीत ठेवा. डिसेंबरात धबधब्याला पाणी नसेल, तसं लेकरांना आधीच सांगा. अभयारण्याची हद्द आहे, पायवाट सोडून आत शिरू नका.

रानवारा

मुक्कामी, रेल्वेनं पण जाता येतं की. लातूर-कुर्डुवाडी लाईनवर येडशी स्टेशन आहे. लेकरांना गाडीत बसायला मजा येते. (स्पीकर नेणार नाही, बस?)

मुक्कामी (लातूर)

हाव, पण गाद्या-गोधड्यांचं ओझं आहे, म्हणून मोटारच बरी. हुरडा तेव्हा मिळेल का कुणाला माहीत?

जुनं_खोड (कळंब)

ज्वारी कधी पेरली त्यावर आहे. यंदा पेरण्या लांबल्या असतील तर जानेवारी उजाडेल. मालकिणीला विचारा, कणीस दाण्यात आलंय का. गूळभेंडी जातीच्या ज्वारीचा असेल तर आधी निरोप देऊन ठेवा, तो उरत नाही. सोबत दही आणि लसणाची चटणी घरून न्या.

बालाघाट (बीड)

मुक्कामी, तिथले तंबू कसे असतील कोण जाणे. माझा चार माणसांचा एक तंबू लातुरात भावाकडं पडून आहे, लागला तर न्या. खासगी निरोपात पत्ता कळवतो. एक कांडी तडकलेली आहे, तिला टेप गुंडाळलाय, ती मागच्या बाजूला लावा. खुंट्या मागू नका, त्या सगळ्या वाकड्या झाल्यात.